फणीचा शनिवार

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. पहिला आठवडा पुस्तकं वाटण्यात जातो, दुसऱ्यात वर्ग जरा जागेवर येतो, आणि तिसऱ्या आठवड्यात तिसरी-चौथीच्या मुलींचे हात कानामागे जायला लागतात. एका हातानं पाढा लिहायचा, दुसऱ्यानं मानेवर खाजवायचं. मग मधल्या सुटीनंतर कुणीतरी उभी राहते आणि मोठ्यानं सांगते, "म्याडम, हिच्या डोक्शात उवा हायेत." वर्ग हसतो. जिच्याकडे बोट गेलं ती रिबनचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघते, आणि शेजारची मुलगी बाकावर हातभर सरकते.

रिद्धपूर आणि मोर्शी तालुक्यातल्या शाळांमध्ये शिकवताना हे मी दर पावसाळ्यात पाहिलं आहे. उवा जातात. दोन-तीन आठवडे नीट लक्ष दिलं तर जातातच. ते हातभर सरकणं मात्र मुलीच्या मनातून जात नाही. नातीची वेणी घालता घालता स्वतःच्या चौथीतला तो दिवस आठवून सांगणाऱ्या बाया मला भेटल्या आहेत. म्हणून या विषयावर मला लिहायचं आहे. लिहिण्याजोगा म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही, हे ठाऊक असूनही.

आधी त्या जुलैचा हिशेब लावू. डोक्यात पहिल्यांदाच उवा झाल्या तर खाज लगेच सुटत नाही. खाज ही उवेच्या लाळेला कातडीनं दिलेली प्रतिक्रिया असते, आणि ती जागी व्हायला पहिल्या खेपेला चार ते सहा आठवडे लागू शकतात. जुलैतून तेवढे आठवडे मागे गेलं की आपण थेट उन्हाळ्याच्या सुटीत, मामाच्या गावी पोचतो. लग्नाचं घर, अंगणात नाहीतर गच्चीवर अंथरलेल्या सतरंज्या, त्यांवर आडवीतिडवी पसरलेली मामे-मावस-आत्ये भावंडं, आणि डोक्याला डोकं लावून मध्यरात्रीपर्यंत चाललेल्या भुतांच्या गोष्टी. उवेला पंख नसतात, तिला उडीही मारता येत नाही. ती चालते, एका केसावरून दुसऱ्या केसावर, आणि त्यासाठी दोन डोकी एकमेकांना टेकावी लागतात. फणी, टॉवेल, उशी यांवरून ती क्वचित जाते. तिचा खरा रस्ता म्हणजे टेकलेली डोकी. शाळेत बोट दाखवलं जातं ते बाकावरच्या मैत्रिणीकडे, पण बहुतेक वेळा ती पाहुणी सुटीतच डोक्यात आलेली असते. ज्या मुलीच्या डोक्यात उवा आहेत, तिला कुणीतरी जवळ घेऊन झोपलेलं असतं. मुलांपेक्षा मुलींच्या डोक्यात उवा जास्त का, याचंही मोठं कारण हेच. मुली डोक्याला डोकं लावून बसतात, कानात बोलतात, एकमेकींच्या वेण्या घालतात.

तरी सगळा दोष येतो तो मळाच्या नावानं. पालकसभेत उवांचा विषय काढला की पहिली आई चिडूनच उभी राहते, "आमच्या घरी रोज आंघोळ होते म्याडम, आमच्या पोरीच्या डोक्शात कुठून येतीन?" तिचा राग खोटा नसतो. तिच्या घराची लाज काढल्यासारखं तिला वाटतं. तिला मी एवढंच सांगते की उवेला मळाशी देणंघेणं नाही. तिला लागतं रक्त, तेही दिवसातून अनेकदा, आणि लागते डोक्याची ऊब. शिकेकाईनं धुतलेलं डोकं आणि पंधरा दिवस न धुतलेलं डोकं तिला सारखंच. पाण्याखाली ती तासन्‌तास तग धरते. तिच्या सहाही पायांच्या टोकाला एकेक आकडा असतो, आणि त्याचा बाक माणसाच्या केसाच्या जाडीला बरोबर बेतलेला असतो. आंघोळीच्या तांब्यानं ती वाहून जाईल ही आशाच खोटी. मात्र डोक्यावरून खाली पडली की एक-दोन दिवसांत उपाशी मरते.

आमचा अमरावती जिल्हा गाडगेबाबांचा. शेंडगावात 1876 साली जन्मलेला हा माणूस गावोगाव हाती खराटा घेऊन फिरला, आणि त्याच्यामुळे स्वच्छतेला आमच्याकडे धर्माइतकं वजन आलं. ते वजन मला प्रिय आहे. पण बाबांनी खराटा घेतला तो दुसऱ्याच्या दारातली घाण स्वतः झाडायला. घाणेरडी म्हणून कुणाला वेगळं बसवायला घेतला नव्हता. त्यांच्या नावाचा फलक लावलेल्या वर्गात एखाद्या नऊ वर्षांच्या पोरीला उवांमुळे शेवटच्या बाकावर एकटी बसवलं जातं, तेव्हा त्या फलकाचा अपमान होतो.

आजाराची भीतीही घालतात. तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. अंगावरच्या कपड्यांत राहणाऱ्या उवा टायफससारखा ताप पसरवतात. ट्युनिसमध्ये चार्ल्स निकोल यांनी 1909 साली ते दाखवून दिलं आणि 1928 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. डोक्यातल्या उवा असा कोणताही आजार नेत-आणत नाहीत. त्रास होतो तो खाजेचा, मोडलेल्या झोपेचा, आणि नखांनी ओरबाडून झालेल्या जखमा चिघळल्या तर त्यांचा. तशा जखमा दिसल्या, मानेवर गाठी आल्या, तर डॉक्टरांकडे जायचं. बाकी घाबरण्यासारखं यात काही नाही.

ऊ तिळाएवढी असते आणि उजेड दिसला की पळते, म्हणून ती सहजी सापडत नाही. सापडतात त्या लिखा. मादी रोज सहा-आठ अंडी घालते आणि एकेक अंडं केसाच्या मुळाजवळ अशा गोंदानं चिकटवते की ते धुऊन निघत नाही, झटकून पडत नाही. कोंडा आणि लीख यांतला फरक ओळखायची खूण हीच. बोटानं सरकला तो कोंडा, जागचा हलला नाही ती लीख. आणखी एक गोष्ट पाहायला मी आयांना शिकवते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि लीख त्याच्याबरोबर पुढे सरकते. कातडीपासून बोटभर दूर, लांबूनही पांढरीशुभ्र चमकणारी लीख बहुधा रिकामं टरफल असते. तिच्यातली ऊ केव्हाच बाहेर पडलेली असते. जिवंत अंडं कातडीलगत, कानामागे आणि मानेच्या खळगीत, बदामी रंगाचं आणि नजरेला चकवणारं असतं. लोक नेमके रिकामी टरफलं पाहून ओरडतात. उपचार पुरा झालेल्या मुलीच्या केसांतही ती टरफलं कित्येक आठवडे दिसत राहतात, आणि "हिच्या अजून गेल्या नाहीत" म्हणून तिची शिक्षा लांबत जाते.

आता रिद्धपूरच्या ओसरीकडे येते. माझ्या मनातली उवांची गोष्ट तिथली आहे.

इथल्या जुन्या घरांच्या ओसऱ्यांवर रविवारी दुपारच्या जेवणानंतर बायांची एक रांग बसायची. पायरीवर सर्वांत धाकटी पोर, तिच्या मागे तिची बहीण, बहिणीच्या मागे आई, आईच्या मागे सासू. जिच्या तिच्या हातात पुढचीचं डोकं. ऊन ओसरीत तिरपं यायचं, त्या उन्हाच्या पट्ट्याबरोबर रांग सरकत राहायची. मांडीवर जुन्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा, हातात दोन्ही बाजूंनी बारीक दातांची फणी, शेजारी वाटीत खोबरेल. आधी कंगव्यानं गुंता काढायचा, मग केसांचे पदर पाडायचे, मग फणी कातडीला टेकवून थेट टोकापर्यंत ओढायची आणि प्रत्येक खेपेला त्या कापडावर पुसायची. सापडलेली ऊ दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये धरली की बारीकसा टच् आवाज व्हायचा. नजर गेलेल्या आज्या नुसत्या बोटांनी शोधायच्या. "हालू नको वो माय, आता भेटते पाहा," असं म्हणत डोकं दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरून ठेवायच्या. सुटायची इच्छा असायची आणि नसायचीही, कारण त्या रांगेत घराचा सगळा इतिहास बोलला जायचा. कुणाचं लग्न कसं मोडलं, कोणत्या साली कापसाला काय भाव आला, कोण माहेरी परत आली आणि का. माझ्या आजीच्या हातून मला माणसांबद्दल जे कळलं ते बहुतेक असं, पाठमोरं बसून कळलं.

या रांगेचा उपयोग काय होता, हे मला पुढे उमगलं. आठवड्याला एकदा, भर उजेडात, घरातलं प्रत्येक डोकं तपासलं जायचं. कुणाचंही डोकं सुटायचं नाही आणि कुणालाही वेगळं काढलं जायचं नाही. सासूच्या डोक्यातही सापडायची, सगळ्या हसायच्या, आणि त्या हसण्यात जिव्हाळा असायचा. वैद्यकशास्त्र आज जो उपाय सांगतं त्यातलं महत्त्वाचं सगळं त्या ओसरीवर होतं.

ती रांग मोडली. तिला मोबाईलनं मोडलं असं म्हणणं फार सोपं आहे, आणि ते अन्यायाचं आहे. दसऱ्यापासून कापसाची वेचणी लागते, पुढे संत्र्याची तोड येते. मोर्शी-वरुडकडच्या बागांत आणि शेतांत मजुरीला जाणारी आई सकाळी डबा बांधून निघते आणि दिवेलागणीला परतते. परतल्यावर चूल, पाणी, धुणं. मुलीची वेणी ती पहाटे अंधारात घालते, चाचपडत, दोन मिनिटांत. बारीक फणीला ऊन लागतं, आणि उन्हाचे तास तिनं मालकाला विकलेले असतात. ज्या मुलीच्या डोक्यात उवा वारंवार होतात तिच्या घरी पाणी आणि साबण बहुधा असतात. नसतो तो दुपारचा मोकळा तास. याचा दोष आपण त्या आईला आणि तिच्या पोरीला देतो. मला तो सहन होत नाही.

दोष देण्यावरच थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. एका निवासी शाळेत मुलींच्या डोक्यांत उवा झाल्या म्हणून सगळ्यांचे केस कानापर्यंत कापलेले मी पाहिले आहेत. घरच्यांना विचारलं नव्हतं, मुलींना तर नाहीच. दिवाळीला घरी आलेली एक पोरगी सुटीभर डोक्याला ओढणी बांधून फिरली. केस लहान केले तर फणी फिरवणं सोपं होतं हे खरं, आणि मुलीनं स्वतः मागितलं तर जरूर कापावे. पण उवांसाठी केस कापण्याची गरज नसते. न विचारता कापले तर त्याला उपचार म्हणता येणार नाही.

हे सगळं रिद्धपुरात बसून लिहिताना एक गोष्ट मनातून हलत नाही. या गावानं देहाच्या लाजेबद्दल सातशे वर्षांपूर्वीच निकाल दिलेला आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि महानुभाव मंडळी इथं स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात राहिली. 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध झालं. त्यात बायकांच्या विटाळाबद्दल स्वामींनी दिलेलं उत्तर आहे. शरीराला नऊ द्वारं आहेत, नाकातून शेंबूड येतो, डोळ्यांतून चिपडं येतात, तसंच तेही एक, त्याचा विटाळ कसला, असा त्याचा आशय. देहात जे घडतं ते धुवायचं, पुसायचं आणि पुढे जायचं. त्याची माणसाला लाज नाही. गोविंदप्रभू तर या गावच्या कुठल्याही वस्तीत, कुठल्याही घरात मुलासारखे शिरत, उंबऱ्याची जात न बघता. गाव त्यांना राऊळ माय, राऊळ बाप म्हणायचं. महदंबेनं धवळे रचले ते इथंच. 2024 पासून मराठी भाषेचं विद्यापीठही इथं उभं राहतं आहे. एवढा वारसा सांगणाऱ्या गावातल्या वर्गात एखादी पोर उवांपायी विटाळशीसारखी बाजूला बसते, हे मला लीळाचरित्राच्या विरुद्ध वाटतं.

इथं आणखी एक प्रश्न येतो आणि रिद्धपूरसारख्या गावात तो कुणी थट्टेनं विचारत नाही. ऊ मारायची का? पारध्यांच्या तावडीतून सुटून गुडघ्याखाली शिरलेल्या सशाला स्वामींनी अभय दिल्याची लीळा इथल्या पोराबाळांना ठाऊक असते. एका भाविक म्हाताऱ्या बाईंनी मला सांगितलं होतं की त्या फणीत आलेली ऊ मारत नाहीत, अंगणात सोडतात. मी त्यांना विरोध केला नाही. पण डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवस जगते आणि भुकेनं मरते, तेव्हा तिला सोडून देण्यात फार दया उरत नाही. माझं मत सरळ आहे. झोप मोडलेल्या, डोकं ओरबाडून घेणाऱ्या लेकराची सुटका आधी. ज्यांचं मन होत नाही त्यांनी फणी गरम पाण्याच्या वाटीत बुडवावी आणि दुसऱ्या कुणाला ती वाटी रिती करायला सांगावी. फणी फिरवायची थांबवू मात्र नये.

उपायांपैकी वाईट उपाय आधी सांगते, कारण आमच्या भागात तेच हाताशी असतात. रॉकेल डोक्याला चोपडणं हा जुना प्रकार. चुलीजवळ, दिव्याजवळ बसलेल्या मुलीसाठी तो जिवावरचा खेळ आहे, आणि कातडी भाजते ती वेगळीच. सीताफळाच्या बिया आमच्याकडे घरोघरी वाळत घातलेल्या असतात. त्यांची पूड उवा मारते हे खरं, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते आणि डोळ्यांच्या दवाखान्यात पळावं लागतं. पोरीचं डोकं न्हाताना पूड डोळ्यात जाणार नाही याची हमी कोण देईल? आणि सर्वांत भयंकर म्हणजे कपाशीवर फवारायचं औषध. ते घराच्या कोपऱ्यात असतंच. "किडे मरतात तर उवा काऊन नाही मरणार?" असा हिशेब करून थेंबभर तेलात मिसळणारे लोक आहेत. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात नुसत्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. थोरल्या माणसांची ही गत, तर लेकराच्या ओरबाडलेल्या डोक्यातून ते विष किती झपाट्यानं आत जाईल याचा विचार करावा.

औषधाच्या दुकानात मिळणारं एक टक्का परमेथ्रिनचं लोशन दोन महिन्यांवरच्या मुलांना चालतं. धुऊन टॉवेलनं टिपलेल्या केसांना ते मुळापासून लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, धुऊन टाकायचं. इथवर सगळे करतात. चुकतं ते पुढे. हे औषध चालत्या उवांना मारतं, पण अंडी त्यातून वाचतात. अंडं फुटायला सात ते दहा दिवस लागतात, आणि बाहेर आलेलं पिल्लू वाढून स्वतः अंडी घालू लागायला आणखी नऊ ते बारा दिवस. म्हणून नवव्या दिवशी तेच औषध पुन्हा लावायचं असतं, नवी पिल्लं बाहेर पडल्यानंतर आणि त्यांनी अंडी घालण्याआधी. ही दुसरी खेप चुकली की पंधरा दिवसांनी डोकं पुन्हा भरतं आणि बाई म्हणते की औषध बोगस आहे.

औषध कधी कधी खरोखरच लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. परमेथ्रिन शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातल्या विषावरून माणसानं घडवलं. कपाशीवर मारलं जाणारं सायपरमेथ्रिन त्याच घराण्यातलं. नव्वदच्या दशकात हिरव्या बोंडअळीनं याच घराण्यातल्या औषधांना दाद देणं बंद केलं. पुढे 2002 साली बीटी कपाशी आली, आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं तिचीही तीच गत केली. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. जगात अनेक ठिकाणी उवांनीही परमेथ्रिनच्या बाबतीत तेच केलं आहे. पोरीच्या डोक्यातली ऊ आणि बोंडातली अळी एकाच शाळेत शिकल्यासारख्या वागतात. म्हणून औषध दोनदा नीट लावूनही जिवंत उवा दिसल्या तर तेच औषध चौथ्यांदा-पाचव्यांदा ओतत बसू नये. डॉक्टरांना विचारावं. त्यांच्याकडे दुसरी औषधं आहेत, आयव्हरमेक्टिनसारखी, पण ती वजन पाहून द्यायची असतात. पंधरा किलोच्या आतल्या मुलांना त्या गोळ्या देत नाहीत.

फणीला मात्र कोणतीही ऊ सरावत नाही. ओल्या, तेल लावलेल्या केसांत उवांची चाल मंदावते. आधी गुंता काढून, केसांचे पदर पाडून, बारीक दातांची फणी कातडीपासून टोकापर्यंत ओढायची, दर खेपेला पांढऱ्या कापडावर पुसायची. दर तीन-चार दिवसांनी, किमान दोन आठवडे, शेवटच्या काही खेपांत एकही ऊ सापडेनाशी होईपर्यंत. लांब दाट केसांना तासभर लागतो. त्याच दिवशी घरातली सगळी डोकी पाहायची, वडिलांचं आणि धाकट्या भावाचंसुद्धा. उशीचे अभ्रे, टॉवेल, रिबनी गरम पाण्यात धुऊन उन्हात घालायच्या. घरभर औषध फवारायची गरज नाही, गाद्या जाळायची तर नाहीच.

ही फणी किती जुनी आहे? इस्रायलमधल्या लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात 2016 साली हस्तिदंताची एक इवलीशी फणी सापडली. लांबी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. एका बाजूला गुंता काढायला सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला उवांसाठी चौदा बारीक. तिच्यावर काही कोरलेलं आहे हे पाच वर्षांनी लक्षात आलं, आणि 2022 मध्ये त्याचं वाचन प्रसिद्ध झालं. सतरा अक्षरं, सात शब्द. या दातानं केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत, अशा अर्थाची प्रार्थना. काळ इसवी सनापूर्वी 1700 च्या आसपास. कनानी वर्णमालेत लिहिलेलं आजवर सापडलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य ते हेच. त्या फणीच्या एका दातावर उवेच्या पिल्लाचे अवशेषही मिळाले. हस्तिदंत बाहेरून आणावा लागे, तेव्हा फणीचा मालक चांगला श्रीमंत असणार. त्याच्या डोक्यात आणि दाढीत उवा होत्या, आणि त्यानं ते लपवलं नाही, वस्तूवर कोरून घेतलं. लीळाचरित्राच्या गावच्या मुलांना ही हकीकत मी आवर्जून सांगते. पहिलीच ओळ उवांबद्दल आहे हे ऐकून वर्ग हसतो, आणि ते हसणं कुणाकडे बोट दाखवणारं नसतं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2022 साली पुन्हा स्पष्ट सांगितलं की उवांसाठी मुलाला शाळेतून घरी पाठवू नये. कुणा मुलीला उवा झाल्याचं आढळलं की त्या महिन्याभर आधीपासून तिथं असतात. आजच्या दुपारी तिला हाकलून काहीही वाचत नाही. आपल्याकडे तर यापेक्षा चांगलं उदाहरण हाताशी आहे. 2015 पासून शाळांमध्ये जंतनाशक दिन होतो. कुणाच्या पोटात जंत आहेत आणि कुणाच्या नाहीत हे कुणी विचारत नाही. सगळ्या मुलांना एकाच दिवशी अल्बेंडाझोलची गोळी मिळते, सगळी ती चघळतात आणि खेळायला पळतात. जंतांची कुणाला लाज वाटत नाही, कारण गोळी सगळ्यांना असते. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि डोळे, दात, कातडी तपासतं. डोक्यासाठी मात्र असा कोणताच दिवस ठरलेला नाही.

तो ठरवायला शासनाच्या आदेशाची वाट बघायला नको. शनिवारी शाळा सकाळची असते. जुलैत एक शनिवार घ्या, आणि त्याच्यानंतर नवव्या-दहाव्या दिवशी दुसरी खेप ठेवा. आशाताईंना बोलवा, मजुरी बुडवून येऊ शकणार नाहीत त्या आयांच्या जागी गावातल्या आज्यांना बोलवा, कारण हात त्यांचेच सराईत आहेत. व्हरांड्यात, उजेडात, पायऱ्यांवर रांग बसू द्या. मुलगे-मुली, वरच्या वस्तीतली आणि खालच्या वस्तीतली, सगळी. प्रत्येकाची फणी वेगळी, नसेल तर दर डोक्यानंतर गरम पाण्यात धुतलेली. सापडलेल्या उवांची नावानिशी यादी करू नका. आणि माझ्या शिक्षकबंधूंना व भगिनींना एवढीच विनंती, की त्या दिवशी पहिलं डोकं आपलं पुढे करा.